तहातला तिसरा पक्ष

१

उज्वला अहिरे गेली नऊ वर्षं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एकच खेळ खेळवत आली होती. कॉलेजात त्याला सगळे ‘तहाचा तास’ म्हणायचे.

ती आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायची. तह आणि करार हा भाग आला की तिसऱ्या वर्षाची मुलं पेंगायला लागायची. मग एकदा तिने पुस्तक मिटलं, वर्गाचे दोन देश केले आणि म्हणाली, “एकाकडे चांगलं बंदर आहे. दुसऱ्याकडे जहाजं आहेत, माल आहे आणि तोफा आहेत. चार दिवस देते. बंदर उघडायचं का, कुठल्या अटींवर, ते आपसात ठरवा, कलमं लिहा आणि चौथ्या दिवशी सह्या करा.” त्या वर्षी मुलं भांडली, रुसली, एक जण तर रडला, पण १८४२ साली चीनला पाच बंदरं कशी उघडावी लागली, ते जन्मभर विसरली नसतील.

यंदा तिघांनीच नाव दिलं. जहाजवाल्या देशाकडून हर्षल. हा ओझरचा, वडील विमानाच्या कारखान्यात, पोरगा बोलण्यात पटाईत. बंदरवाल्या राज्याकडून निकिता, नाशिकरोडच्या वकिलाची मुलगी. आणि लेखनिक म्हणून रोशनी. ही सुरगाण्याच्या डोंगरातून आलेली, होस्टेलवर राहणारी, फार न बोलणारी. तिचं अक्षर मात्र मोत्यासारखं.

कॉलेज मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला मूट हॉल होता, म्हणजे मुलांच्या सरावासाठी उभारलेलं खोटं कोर्ट. हॉलला दोन दारं. एक कॉरिडॉरमध्ये उघडणारं. दुसरं न्यायाधीशाच्या चौथऱ्यामागे. त्या दाराआड काळे कोट टांगायची एवढीशी खोली होती. तिला ना खिडकी, ना दुसरं दार.

पहिल्या दिवशी नऊ कलमं झरझर झाली. परक्या व्यापाऱ्यांनी बंदराच्या हद्दीत राहावं, हद्दीबाहेर जाऊ नये. हद्दीत त्यांना त्यांचाच कायदा लागू राहावा. दहावं कलम हर्षलने मांडलं. “जी सवलत एका परक्याला मिळेल, ती प्रत्येक परक्याला आपोआप मिळेल.”

निकिताने खांदे उडवले. “चालेल.”

उज्वला हसली. “निकिता, हे सगळ्यांत महागडं कलम आहे बरं. यात नाव कुठंय? उद्या कुणीही दारात उभं राहील आणि म्हणेल, मीही परकाच आहे.”

“येऊ दे की मॅडम. चहा पाजू.”

सगळे हसले. रोशनीने दहावं कलम लिहिलं. चौघांनी प्रत्येक कलमाखाली आपापली आद्याक्षरं टाकली. खाली बागेत पाखरं हाकणारा माणूस पत्र्याचा डबा बडवत होता. दुपारच्या उन्हात तो आवाज हॉलभर घुमत होता.

२

दुसऱ्या दिवशी उज्वलाने वही उघडली, तर कलमं अकरा होती.

“११. आलेल्या पक्षास बसावयास जागा द्यावी.”

अक्षर रोशनीचंच. तीच वळणं, ‘ल’ला तोच मोठा पोट फुगवलेला वेढा, तेच निळं पेन.

“रोशनी, हे काय?”

रोशनीने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “मॅडम, हे मी नाय लिहिलं.”

“अगं, वही कुणाकडे होती?”

“माझ्याकडंच होती. उशाखाली. पण मी नाय लिहिलं.”

हर्षल खुसखुसला. “अगं, मान्य कर ना. भारी आयडिया आहे. सस्पेन्स.”

उज्वला काही बोलणार तेवढ्यात तिची नजर कलमाच्या खाली गेली. तिथेही आद्याक्षरं होती. ह. नि. रो. आणि चौथी, तिची स्वतःची. ‘उ. अ.’ मधल्या टिंबाची ती खाली घसरती रेघ बँकेतल्या माणसालासुद्धा कधी नीट जुळवता आली नव्हती, तर पोरांना काय जमणार.

तिच्या मनाने ताबडतोब कारणं शोधली. काल घाईत आपण सलग सह्या करत गेलो. एखादी रिकाम्या जागी पडली असेल आणि पोरीने वरती गंमत म्हणून लिहिलं असेल. असंच असणार. तिने वही उचलली तेव्हा तिचा अंगठा नेमका त्या चौथ्या आद्याक्षरांवर होता. तो तिने तिथेच ठेवला.

“वहीत तुझंच अक्षर आहे, रोशनी. खेळ असला तरी दस्तऐवज तो दस्तऐवज. पुढे वकिली करणार आहेस ना? असली थट्टा परत नको.”

रोशनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने मान खाली घातली आणि एवढंच म्हणाली, “बरं मॅडम.”

उज्वलाने कलमावर आडवी रेघ मारली. घरी जाताना गंगापूर रोडच्या सिग्नलला तिला उगाचच स्वतःच्या अंगठ्याकडे पाहावंसं वाटलं.

३

तिसऱ्या दिवशी टेबलाला तिसऱ्या बाजूने एक खुर्ची लावलेली होती. समोर पाण्याचा ग्लास, कोरा कागद, टाचणी.

उज्वलाने शिपायाला हाक मारली. भिकनदादा कॉलेजात तिच्या आधीपासून होते. “भिकनदादा, ही खुर्ची कुणी लावली?”

“मीच लावली मॅडम. सकाळी तुमचाच फोन आला ना. म्हणले, तिसरी पार्टी आलीय, खुर्ची मांड.”

“मी फोन केला नाही.”

भिकनदादांनी डोकं खाजवलं. “आवाज तर तुमचाच होता. फक्त...”

“फक्त काय?”

“तुम्ही कवा मला नुसतं भिकन म्हणत नाय. आज म्हणले.” ते ओशाळं हसले. “मला वाटलं, काही चुकलं असंल माझं.”

तिने स्वतःचा फोन तपासला. सकाळी कुणालाही फोन लावलेला नव्हता. पोरांनी आवाज बदलून केला असेल. हल्ली मोबाइलवर काय वाटेल ते करता येतं. तिने हर्षलकडे रोखून पाहिलं. तो खुर्चीकडे बघत होता आणि आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

“चला, सुरू करू,” ती म्हणाली.

त्या दिवशी जकातीवर चर्चा होती. हर्षल शेकडा पाच म्हणाला. निकिताने दहा सांगितलं. बोलणं व्यवस्थित चाललं होतं आणि तरी काहीतरी अडखळत होतं. पाऊण तासाने निकिताने पेन खाली ठेवलं.

“मॅडम, एक विचारू? आम्ही दोघंच बोलतोय. मग प्रत्येक वेळी मधे थांबतोय का?”

खरं होतं ते. हर्षल बोलला की निकिता बोलायची, आणि मग दोघंही पाच-सहा सेकंद गप्प राहायची. मान किंचित वळवून. कुणी बोलत असताना आपण भिडेखातर थांबतो तसं. आणि उज्वलाही थांबत होती.

“रोशनी, टिपण दाखव.”

रोशनीने वही सरकवली. तिचे हात थंडीत असल्यासारखे आखडले होते. पानावर प्रत्येक देवघेवीच्या खाली तिसरी ओळ होती. ‘तिसरा पक्ष: मान्य.’ ‘तिसरा पक्ष: मान्य.’ ‘तिसरा पक्ष: जकातीशी आमचा संबंध नाही. हद्दीचे बोला.’

“मी काही ऐकलं नाय मॅडम,” रोशनी कुजबुजली. “आईची शपथ. पण हात थांबत नव्हता.”

उज्वलाने वही मिटली. आज ती रागावली नाही. “पुरे झालं. आजचा तास संपला.”

दाराबाहेर पडताना चौघं एकमेकांना खेटून चालली. जिना उतरून अंगणात आल्यावर हर्षल मोठ्याने म्हणाला, “उद्या नकोच ना मॅडम.”

“उद्या पाच मिनिटं या. आपण तह रीतसर रद्द करू आणि वही मी प्राचार्यांकडे देऊन टाकेन. सही होईपर्यंत तह म्हणजे नुसता कागद असतो. घाबरायचं काय त्यात?”

हे तिने मुलांना सांगितलं, तसंच रात्री जेवताना महेशलाही सांगितलं. नवरा म्हणाला, “मग जातेसच कशाला?” अर्धवट सोडलेला कागद तिला घरात पसरलेल्या काचेसारखा वाटायचा, एवढंच.

४

चौथ्या दिवशी सकाळी अकराला ती चौघं पुन्हा हॉलमध्ये आली. तिसरी खुर्ची काल भिकनदादांनी उचलून नेली होती. ती परत आलेली नव्हती. उज्वलाला हायसं वाटलं. तिला लेकीसाठी लवकर घरी जायचं होतं. उद्या तिचा दहावीचा पहिला पेपर होता आणि पोरीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

तिने उभं राहून सांगितलं, “दोन्ही पक्षांच्या संमतीने हा मसुदा मागे घेण्यात येत आहे.” हर्षल म्हणाला, मान्य. निकिता म्हणाली, मान्य. मग सगळे थांबले, पाच-सहा सेकंद. कुणाला थांबायचं नव्हतं, तरी थांबले.

“झालं,” उज्वला म्हणाली. “हर्षल, भिकनदादांना बोलव. कुलूप लावू दे.”

हर्षल कॉरिडॉरच्या दाराने बाहेर पडला. दार त्याच्यामागे बंद झालं. त्याच क्षणी चौथऱ्यामागचं, कोटांच्या खोलीचं दार उघडलं आणि हर्षल आत आला.

तो दोन पावलं चालून थांबला. “मी... मी जिन्याकडे वळलो.”

“वेडेपणा करू नकोस,” निकिता म्हणाली आणि स्वतः गेली. कॉरिडॉरचं दार बंद झालं. चौथऱ्यामागून, काळ्या कोटांतून वाट काढत, निकिता आली. तिच्या खांद्यावर एका कोटाची बाही अडकली होती. तिने ती झटकली नाही. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

उज्वला स्वतः गेली. कॉरिडॉर नेहमीचाच होता. भिंतीवरचं वेळापत्रक, कोपऱ्यातला कुंडीतला मनीप्लांट. सात-आठ पावलांवर जिना. तिने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि तळहाताला लाकडाचा थंडगारपणा लागला. कठडा लोखंडी होता. तिने खाली पाहिलं. तिच्या हातात कोटांच्या खोलीच्या दाराची लाकडी मूठ होती.

तिने महेशला फोन लावला. घंटी वाजली. पलीकडून उचलला गेला. “महेश, ऐक,” ती म्हणाली. पलीकडून क्षणभर उशिराने तिचाच आवाज आला. “महेश, ऐक.” तिने फोन ठेवून दिला. फोनमधला आवाज मात्र आणखी एक शब्द बोलून मगच बंद झाला. तो शब्द तिने उच्चारलेला नव्हता आणि तिला तो समजलाही नाही.

खिडकीला लोखंडी गज होते. हर्षलने गज धरून बागेकडे तोंड करून घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. खाली पाखरं हाकणारा माणूस उभा होता. त्याने डबा वर धरला, काठी मारली, पुन्हा मारली. आवाज आला नाही. वेलींवरून पोपटांचा थवा उठला, तोही मुकाट.

५

“बसा,” उज्वला म्हणाली. आपला आवाज वर्गातल्यासारखा निघाला याचं तिला नवल वाटलं. “रोशनी, वही उघड.”

“मॅडम, नको.”

“उघड बाळा. मी आहे.”

ती तिसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी राहिली. तिकडे काही नव्हतं. फक्त फरशीवर पडलेलं खिडकीचं ऊन तेवढ्या भागात थोडं मळकं दिसत होतं.

“जबरदस्तीने करवून घेतलेला तह रद्दबातल असतो,” ती म्हणाली. “प्रतिनिधीला धाक घालून घेतलेल्या सहीला किंमत नाही. हा कायदा आहे.”

रोशनीचा हात चालू लागला. ती मान दुसरीकडे वळवून बसली होती, डोळे मिटून. पेन मात्र सरळ ओळीत चाललं होतं. निकिताने ओळ मोठ्याने वाचली. “‘हा कायदा कोणत्या सालचा?’”

उज्वलाला आपण फसतोय हे उत्तर देण्याआधीच कळलं. “एकोणीसशे एकोणसत्तरचा.”

“‘आमचे येणे त्याआधीचे,’” निकिताने वाचलं.

कायदा मागच्या तहांना लागू होत नाही, हे ती स्वतः दर वर्षी फळ्यावर लिहीत आली होती. दोन गुणांचा प्रश्न असायचा.

“आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं.”

“‘दहावे कलम पाहा.’”

हॉलमध्ये पंखा फिरत होता आणि वाऱ्याचा स्पर्श कुणाला होत नव्हता. उज्वलाने ओठ ओले केले. “मग तुमचं मागणं काय?”

या वेळी पेन बराच वेळ चाललं. निकिताला वाचवेना, तेव्हा उज्वलाने वाकून स्वतः वाचलं. ‘१२. तह पाळला जावा म्हणून दोन्ही बाजूंनी आपला एकेक माणूस समोरच्याच्या हद्दीत ठेवावा. बाकीच्यांस मोकळीक.’

तिच्या डोळ्यांपुढे एकच शब्द उभा राहिला. ओलीस. तहासाठी राजे आपली पोरं शत्रूकडे ओलीस ठेवत. एक माणूस इथे ठेवायचा. बाकीचे घरी.

हर्षल उठला. पोरगा घामाने डबडबला होता. “लिहिलं कुणी हे सगळं? हिनेच ना? मग हिलाच...”

“तोंड सांभाळ,” निकिता किंचाळली.

“मी राहते मॅडम.” रोशनीने डोळे उघडले होते. ती रडत नव्हती. “होस्टेलात माझी वाट बघणारं कोण नाय. घरी कळायला आठ दिवस तरी लागतील. तवर तुम्ही काहीतरी कराल.”

उज्वलाला ते सहन झालं नाही. “रोशनी, त्या अकराव्या कलमाखाली माझी सही होती. मला दिसली होती. मी अंगठ्याखाली झाकली आणि तुला बोलले.” तिला वाटलं होतं, हे सांगताना मान खाली जाईल. तशी ती गेली नाही. “पूर्ण अधिकार कुणाला असतात गं तहात? विद्यार्थ्यांना नाही. आण ते पेन.”

“मॅडम, उद्या तुमच्या घरी पेपर...”

“तुम्ही खाली जा, माणसं घेऊन या, दार फोडा. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.”

तिने बाराव्या कलमाखाली पूर्ण नाव लिहिलं. उज्वला महेश अहिरे. शेजारी आणखी एका सहीची जागा होती. ती तिच्या डोळ्यांदेखत भरली. ‘उ’ आला, ‘ज्व’ आला. ती पुढचं पाहायला थांबली नाही. तिने दार उघडून मुलांना जवळजवळ ढकललंच.

६

दार बंद झालं. ती चौथऱ्याकडे पाहत राहिली. कोटांच्या खोलीचं दार हललं नाही.

कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. पळणारी, मग जिना उतरणारी. आणि एकदम बागेतला डबा खणखणला, इतका जोरात की ती दचकली. पोपट ओरडत होते. हायवेवरून ट्रकचा हॉर्न आला. सुटली पोरं. ती खिडकीकडे गेली आणि गज धरून उभी राहिली.

मुलं खाली अंगणात आली. हर्षल, निकिता, रोशनी. त्यांच्यामागून, पदर सावरत, एक बाई आली.

मोरपंखी साडी. खांद्याला तपकिरी पर्स. उज्वलाचा हात नकळत आपल्या खांद्याकडे गेला. पर्स तिथे नव्हती. तेव्हा तिला बारावं कलम पुन्हा आठवलं. दोन्ही बाजूंनी. एकेक माणूस. वर्गात कुणी इतकं सरळ वाक्य असं अर्धं वाचलं असतं, तर तिने त्याला उभं केलं असतं.

निकिता त्या बाईच्या गळ्यात पडली. हसत-रडत काहीतरी बोलली. हर्षलने वाकून नमस्कार केला. बाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तळहात टेकवताना तिने एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं, नवी अंगठी बघावी तसं. मग ती उज्वलाच्या स्कूटरपाशी गेली, किल्ली लावली, हेल्मेट चढवलं. फाटकाशी थांबून तिने दोन्हीकडे पाहिलं आणि कुणाला न विचारता शहराच्या बाजूला वळली. त्या वाटेने पाऊण तासावर घर होतं, आणि घरात सकाळपासून उपाशी बसलेली पोर होती.

उज्वला ओरडली. लेकीचं नाव घेऊन, महेशचं नाव घेऊन. पाखरं हाकणारा माणूस डबा बडवत राहिला.

हर्षल आणि निकिता फाटकाबाहेर गेली. रोशनी मात्र गेली नाही. ती अंगणाच्या मध्यावर थांबली होती. जाणाऱ्या स्कूटरकडे तिने पाहिलं, मग हळूहळू मान वर करत दुसऱ्या मजल्यापर्यंत आणली. दोघींची नजर भिडली. रोशनीचं तोंड उघडं पडलं.

“येऊ नकोस,” उज्वलाने गजांतून हात बाहेर काढून जोरजोराने हलवला. “जा! पळ!”

खालून तो हात बोलावल्यासारखा दिसला असावा. रोशनी वही छातीशी घट्ट धरून जिन्याकडे धावत सुटली.

उज्वला दाराशी आली. पलीकडे पावलं ऐकू येत होती, चपला फटफटत, दोन-दोन पायऱ्या एकदम घेत चढणारी. पोरगी डोंगरातली, चढायला भारी चपळ. जिन्याला एकूण चौतीस पायऱ्या होत्या. उज्वलाने दाराला कान लावून मोजायला सुरुवात केली.

चौतीस झाल्या. पन्नास झाल्या. पावलांचा वेग कमी झाला नव्हता, आवाजही जवळ आला नव्हता. मधूनच “मॅडम, आले, आले हां” असा धापा टाकणारा आवाज यायचा आणि पावलं पुन्हा चढू लागायची.

नव्वदनंतर उज्वलाने मोजणं सोडलं. रोशनीने चढणं सोडलं नाही.